हैवान म्हणजे जिवंत

भिलाईला, कारखान्याच्या क्वार्टरांच्या आमच्या लाइनीत, अगदी समोर एक काका राहत. त्यांना कुणी शिवी दिली तर चालायचं. शब्द चुकवून दिलेली मात्र चालायची नाही.

एकदा रविवारच्या बाजारात भाजीवाला आणि गिऱ्हाईक हमरीतुमरीवर आले. गिऱ्हाईक ओरडलं, "हैवान है तू, हैवान!" भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला आणि बाह्या सारल्या. एवढ्यात काका मध्ये घुसले. आम्हाला वाटलं, भांडण सोडवायला गेले. काका गिऱ्हाइकाला म्हणाले, "भाईसाब, चोर बोलिए, बेईमान बोलिए. हैवान मत बोलिए. हैवान तौल में डंडी नहीं मारता." दोघंही आपलं भांडण विसरून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग दोघांनी मिळून त्यांना झापलं, "चाचा, आप अपना काम कीजिए." काका पिशवी उचलून घरी आले. भांडण मिटलं होतं, पण त्याचं श्रेय त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांच्या मते मूळ मुद्दा तसाच राहिला होता.

काका कामठीचे. घराच्या भिंतीला लागून उर्दू शाळा होती. भिंतीपलीकडचे धडे ऐकून ऐकून त्यांना उर्दू आली, आणि भिंतीअलीकडचे धडे वडिलांनी छडीनं शिकवले. पुढं नागपुरात रशियन शिकले आणि भिलाईला कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. रशियन साहेब बोलले की काका ते हिंदीत सांगत, आणि आपले साहेब चिडले की काका रशियनमध्ये जरा कमी चिडत. त्यांच्या नोकरीचं सार एवढंच, असं तेच सांगायचे.

त्या रशियनांमध्ये एक तज्ज्ञ बाकूकडचा, अझरबैजानचा होता. एकदा जीपमधून येताना रस्त्यात गाई बसलेल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, गाई रवंथ करतायत. तेव्हा तो बाकूवाला हसून, अगदी प्रेमानं, काहीतरी म्हणाला आणि काकांच्या कानावर 'हेयवान' असा शब्द पडला. काकांनी विचारलं, ही रशियन शिवी आहे का? तो म्हणाला, रशियन नाही, शिवी तर मुळीच नाही. आमच्या घरच्या बोलीत गाय, घोडा, मेंढी, सगळ्यांना हेच म्हणतात. हे सांगताना काका दरवेळी खुर्चीतून उठत. "मी चालत्या जीपमंधी उभा झालो ना! म्हटलं, हा त आपला हैवान! अन् इथं बसून रवंथ करून राहिला!"

झालं, तेव्हापासून त्यांना त्या शब्दाचं वेड लागलं. लोक तिकिटं जमवतात, काका हैवान जमवू लागले. दुर्गच्या बाजारात हिंग विकायला येणारा पठाण दिसला की काका हिंग घ्यायचे आणि त्याच्या गावी हैवान म्हणजे काय ते विचारायचे. त्यांच्या घरात हिंगाच्या इतक्या पुड्या झाल्या की कुंदा, त्यांची मुलगी, त्या लाइनभर वाटत सुटली. पॉवर हाउसच्या बाजारात चष्मे विकणाऱ्या एका इराण्यानं सांगितलं, आमच्यात पोर पडलं, झडलं, तर बाया त्याला जवळ घेऊन 'हैवूनकी' म्हणतात, म्हणजे बिचारं. काका त्या दिवशी गरज नसलेला चष्मा घेऊन आले आणि दारातच आम्हाला म्हणाले, "ऐका! बिचारं! हैवान म्हणजे बिचारं!" दुर्गच्या एका मौलवींनी मग मुळाशी नेलं. अरबीत हैवान म्हणजे ज्याच्यात हयात आहे तो. जीव असलेला कुणीही. माणूससुद्धा, तो फक्त बोलणारा हैवान.

"तिकडून निघाला तवा शब्द चांगला होता," काका म्हणत. "आपल्या इकडे आला अन् आपण आपले गुन्हे त्याच्या पाठीवर लादले. करायचं माणसानं अन् नाव जनावराचं."

माझे वडील रिटायर झाले त्या वर्षी नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. काका सकाळीच फाटकात हजर. "चला भाऊ, तुम्ही हैवान असल्याचा दाखला घेऊन येऊ." वडिलांनी त्यांच्याशी बरेच दिवस अबोला धरला. काकांना त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

मला स्वतःला शब्दांचं फार कौतुक नाही. मी गणित शिकवत होते. शब्द कुठून आला यापेक्षा काकांच्या उघड्या फाटकातून आत आलेली गाय कुठून बाहेर जाते, याची मला जास्त काळजी असायची. कारण ती बहुतेक वेळा माझ्या आईच्या टमाटरांतून जायची. काका फाटक कधी लावत नसत. गाय येऊन कुंपणाची मेंदी खायची, काका पायरीवर चहा पीत बसायचे. पुरे झालं असं वाटलं की म्हणायचे, "चला, निघा आता. समोर टमाटर हाय." असं ते खरंच म्हणायचे, मी ऐकलं आहे. आई भांडायला गेली की काका हात जोडत, सगळं कबूल करत, आणि दुसऱ्या दिवशी फाटक पुन्हा उघडं.

कारखान्यातली एक गोष्ट मात्र मला आवडते. एका फोरमननं त्या बाकूवाल्याच्या तोंडावर, त्याला काय कळतंय असं समजून, "हैवान है साला" म्हटलं. बाकूवाल्याला नेमका तेवढाच शब्द कळला. त्यानं काकांकडे बघितलं. काका रशियनमध्ये म्हणाले, "हे म्हणून राहिले की तुमच्यात जीव लई आहे." बाकूवाल्यानं पुढं होऊन फोरमनला मिठी मारली. फोरमन इतका ओशाळला की त्यानंतर तो त्याला घरून डबा आणू लागला.

कुंदा शाळेत असतानाच काकू गेल्या. घरात बापलेक दोघंच. कुंदा माझ्याच वयाची, आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. वडिलांच्या वेडाकडे ती पावसाकडे बघावं तसं बघायची. येतो, जातो, कपडे आत घ्यावे लागतात. तिचं लग्न रायपूरच्या एका मुलाशी ठरत आलं होतं.

त्या हिवाळ्यात संध्याकाळी ती सायकलवरून शिकवणी आटोपून येत होती. मागून स्कूटर आली, धडक बसली, कुंदा पडली आणि पाय सायकलखाली सापडून मोडला. स्कूटरवाला पुढं जाऊन थांबला. कुंदा उठून बसली होती, तिनं हात वर केला. त्यानं मागे वळून पाहिलं, आणि तो गेला. जवळच्या खुर्सीपार वस्तीतले, रेतीच्या ट्रकवरचे मजूर तिला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेले.

थोड्या दिवसांनी मागच्या लाइनीतल्या वानखेडेची बायको काकांच्या दारात येऊन उभी राहिली. वानखेडे टाइम ऑफिसात बाबू होता, हिंगणघाटकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. ती रडतच म्हणाली, "काका, ते त्यायचीच स्कूटर होती. मले घरात बसवून नाही राहिलं." वानखेडेला ठाण्यात जावं लागलं. तिथं त्यानं बयान दिलं की गचका बसला, दगड असेल असं वाटलं, मागं काही पाहिलं नाही. कुंदा म्हणाली, पाहिलं. पोलीस म्हणाले, अंधार होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्या कळा लागल्या की माणसाला काहीही दिसतं. केस आपल्या चालीनं चालली आणि निकालात निघाली. कुंदाचा पाय आखूड भरून आला. रायपूरच्या मंडळींनी पत्रिका पुन्हा एकदा दाखवली, आणि आधी जुळलेली पत्रिका या वेळी जुळली नाही.

लाइनीत वानखेडेला सगळे एकच म्हणू लागले. हैवान. पोरीला रस्त्यात टाकून पळाला, हैवान आहे मेला. माझी आई म्हणायची, मीही म्हणायचे. काकांच्या समोर म्हणायचो. त्या दिवसांत काकांनी कुणालाही दुरुस्त केलं नाही. त्यांचा तो गप्पपणा मला त्यांच्या बडबडीपेक्षा जड गेला.

वानखेडे लोकांच्या नजरेआडून ड्यूटीवर जाऊ लागला. त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगला त्याला कुणी बोलावलं नाही. पावसाळ्यात एकदा दुधाच्या बूथवर त्याची बायको मला म्हणाली, "ताई, ते जेवूनच नाही राहिले. ड्यूटीवरून येते अन् खुर्सीपारच्या मागं रेल्वेच्या पटरीपाशी जाऊन बसते. मी लेकरायले पाठवून घरी आणते." मी दूध घेतलं. घरी आल्यावर फाटकात कुंदाला हे सांगत होते. काका पायरीवर होते. त्यांनी एकच विचारलं, "जेवून नाही राहिला?"

कुंदा म्हणाली, "मग?" आणि आत गेली.

विदर्भातल्या घरांत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, आणि तो जेवल्याशिवाय धनी जेवत नाही. काकांकडे बैल नव्हता, शेत तर कामठीलाही नव्हतं. पण दरवर्षी ते वाटीत लोणी-हळद कालवून खुर्सीपारला जायचे आणि रेतीच्या, विटांच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांचे खांदे मळायचे. छत्तीसगढी गाडीवान हसायचे. "का करथस बाबूजी?" काका सांगायचे, "दावत दे रहा हूँ." दुसऱ्या दिवशी कुंदाच्या पुरणपोळ्या डब्यात भरून काका पुन्हा तिकडे.

त्या वर्षी रस्त्यात चिखल होता म्हणून कुंदानं मला त्यांच्याबरोबर पाठवलं. बैलांचं सगळं नेहमीसारखं झालं. परतताना आमच्या लाइनीकडे वळायच्या ऐवजी काका मागच्या लाइनीत शिरले. वाटीत थोडं लोणी उरलं होतं. मला वाटलं, कुणाची तरी म्हैस असेल.

वानखेडे बनियनवर पलंगाच्या काठाशी बसला होता. काकांना बघून उठला आणि भिंतीला टेकला. मार बसणार असंच त्याला वाटलं असावं. मला तर वाटलंच. काकांनी चपला बाहेर काढल्या, आत गेले, बोटांवर लोणी घेतलं आणि त्याच्या उघड्या खांद्यावर लावलं. आधी डाव्या, मग उजव्या. चांगलं जिरेपर्यंत चोळलं. मग म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वानखेडे शेतकऱ्याचा मुलगा. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो तिथंच खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. बायको स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी. काकांनी रिकामी वाटी उचलली, चपला घातल्या, आम्ही निघालो.

मी रागानं लाल झाले होते. वाटेत विचारलं, "काका, कुंदाले विचारलं होतं काय?"

"नाही," काका म्हणाले, आणि त्यांची चाल मंदावली. मला वाटतं, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

कुंदा उद्यासाठी हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. काकांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मले कावून नाही विचारलं?"

"तू नाही म्हटली असती."

"मग?"

काका स्टुलावर बसले. "भ्यालेलं हैवान पळते, बेटा. पळणं त्याच्या हाती नसते. तो जेवून नाही राहिला. जनावरानं वैरण सोडली त धन्याले घास गिळत नाही."

"तुम्ही त्याचे धनी नाही. अन् जनावर पळते, बाबा, पण ते ठाण्यात जाऊन खोटं बयान नाही देत." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यानं वळून पाह्यलं. मी हात वर केला, त्यानं पाह्यलं. सगळे म्हणते तुले भास झाला. आठ महिन्यांपासून मी त्याची मान वळताना पाहून राहिली, अन् आता मलेच वाटते, खरंच वळली होती काय? तुमच्या त्या शब्दापायी माझा पाय नका वापरू."

काकांनी बाजूचं सूप ओढलं आणि डाळीतला एक खडा काढून टाकला. मग म्हणाले, "हे बरोबर आहे तुझं." त्या शब्दावरून काका हरलेले मी पहिल्यांदा पाहिले. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"आवतन त वापस नाही घेता येत," ते हळूच म्हणाले.

"मग तुम्हीच रांधा. मी हात नाही लावणार." कुंदा खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

काकांना चहापलीकडे काही येत नव्हतं. पोळ्याच्या सकाळी मी गेले तेव्हा पुरणाची आमटी झाली होती आणि काका तिच्यात पळी फिरवत उभे होते. मी दारातूनच सांगितलं, "काका, कट काढा आधी." त्याहून जास्त मदत केली तर कुंदाशी बेइमानी झाली असती. पोळ्या फाटल्या, पुरण तव्यावर जळलं, घरभर धूर. काकांनी तशाच पोळ्या रचल्या, दारासमोर पाट मांडला आणि पायरीवर जाऊन बसले. बैलांचा डबा तेवढा मी खुर्सीपारला पोचवून आले, माझ्या आईच्या पोळ्यांचा. बैलांनी काय पाप केलं होतं?

दुपार झाली. भोंगा झाला, शिफ्ट बदलली. काका उपाशी. कुंदाही उपाशीच होती, पण ती उपाशी असल्याचं कुणाला दाखवत नव्हती. मी जाऊन येऊन होते. शेवटी मीच म्हटलं, "तो काही येत नाही, काका. जेवून घ्या." काका म्हणाले, "मी त्याले आवतन दिलं आहे."

चारच्या सुमाराला वानखेडे आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. फाटक उघडं होतं, तरी तो बाहेरच थांबला. काका उठले, पण त्यांच्या आधी आतलं दार उघडलं. कुंदा बाहेर आली. काठी तिनं घेतली नव्हती. दारापासून फाटकापर्यंत ती सावकाश गेली. दर पावलाला एका बाजूला झुकत, पुन्हा सरळ होत. वानखेडेनं तिला असं चालताना आधी पाहिलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

"वर पाहा," कुंदा म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

"त्या दिवशी पाह्यलं होतं तुम्ही. मी हात वर केला तवा."

लाइनीतल्या दोन-तीन दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. वानखेडेनं मागे रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा पुन्हा पळणार. काका पायरीवर तसेच उभे, हात लोंबकळत.

"हो," वानखेडे म्हणाला. "पाह्यलं. तुम्ही बसल्या होत्या. हात वर होता. मले भेव लागलं." आणि मग जरा मोठ्यानं, दारातल्या लोकांनाही ऐकू जाईल असं, "ठाण्यात मी खोटं बोललो."

कुंदानं फाटकाला धरलं. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. राग नव्हता, दया तर नव्हतीच. हरवलेली वस्तू जिथं ठेवली होती तिथंच सापडावी, तसा तो चेहरा होता. "मग बरोबर होतं माझं," ती म्हणाली, त्याला नाही, स्वतःलाच. मग बाजूला झाली. त्याला आत यायला जागा झाली.

तो पाटावर बसला. काकांनी ताट वाढलं. कुंदा समोरच्या खुर्चीत, आखूड पाय लांब करून बसली आणि बघत राहिली. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही. पुढंही कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. वानखेडेनं फाटकी, जळकी पोळी तोडली, पहिला घास तोंडात घातला आणि तो त्याला गिळता येईना.

"बाबा," कुंदा म्हणाली, "त्यायच्या पोळीवर तूप नाही वाढलं."